जांभळ्या ठिपक्याची पिल्लं

कोंबड्यांना उपाशी ठेवणं हे माझं काम होतं. असं सांगितलं की लोकांना गंमत वाटते, पण ओमानमधली माझी वीसेक वर्षं त्यातच गेली. बाजारात जी कोंबडी सव्वा-दीड महिन्यात कापायला तयार होते, तिचे आईबापही त्याच हावऱ्या जातीचे असतात. त्यांना पोटभर घातलं तर अंगाने इतके सुटतात की पाय धरत नाहीत आणि अंडीही धड मिळत नाहीत. म्हणून आईबापांना मोजून खायला द्यायचं. तलंगा, म्हणजे कोवळ्या माद्या, असताना एक दिवस दाणा, एक दिवस नुसतं पाणी. अंड्यावर आल्या की रोज दाणा, पण तोही मोजूनच. दाणा नसलेल्या दिवशी मी शेडमध्ये पाऊल टाकलं की हजारो माना एकदम माझ्याकडे वळायच्या. पहिली दोन वर्षं मला ते सहन होत नसे. पुढे सवय झाली, आणि सवय झाली याचं मला काही वाटेनासं झालं.

आमचा फार्म रुस्ताककडे जाणाऱ्या रस्त्यावर, डोंगर जवळ यायला लागतात तिथे होता. बायको आणि मुलगी शहरात, अझैबाच्या फ्लॅटमध्ये राहायच्या. तेव्हा तिथे सुट्टी गुरुवार-शुक्रवारची, म्हणून बुधवारी संध्याकाळी मी घरी जायचो आणि शनिवारी पहाटे परत यायचो. माझ्याकडे पोल्ट्रीचा डिप्लोमा होता, पण ज्याच्या हातात इंजेक्शन तो डॉक्टर, या हिशेबाने सगळे मला डॉक्टर म्हणत. सुरुवातीला मी दुरुस्त करायचो. नंतर तेही सोडून दिलं.

पिल्लांच्या शेडवर चाचा होते. रायगडच्या खाडीकाठचे, माझ्याहून पंचवीस वर्षांनी मोठे, अंगाने काडी. तरुणपणी मासेमारीच्या मचव्यावर जायचे, मग इकडे आले ते इकडचेच झाले. फार्मवर आम्ही दोघेच मराठी बोलणारे. माझी भाषा त्यांना रेडिओवरच्या बातम्यांसारखी वाटायची आणि ते तसं तोंडावर सांगायचे. मशीनमधून निघालेल्या पिल्लाला आई नसते, त्यामुळे दाणा म्हणजे काय हे त्याला कुणी दाखवलेलं नसतं. चाचा कागदावर भरडा पसरून उकिडवे बसत आणि उजव्या हाताच्या बोटाने कागदावर टकटक करत. दोन-चार पिल्लं धावत येत, चोच मारत, मग त्यांचं बघून बाकीची. एवढ्या मोठ्या शेडमध्ये हा माणूस कोपऱ्याकोपऱ्यात बसून तासन्‌तास टकटक करायचा. त्या बोटाचं नख कायम तुटलेलं असे. मी एकदा म्हटलं की चाचा, पिल्लं आपसूक शिकतात. ते म्हणाले, शिकतात, पण कुणी बोलावलं तर लवकर शिकतात.

त्यांची साठी दोन-तीन वर्षांवर आली होती. साठीनंतर व्हिसा वाढवून मिळणं कठीण, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण अर्बाबने, म्हणजे आमच्या मालकाने, त्यांना शब्द दिला होता की तुझ्या जागी तुझ्या मुलाला आणू. मुलगा बावीस वर्षांचा होता आणि गावात बसून होता. चाचांची सगळी नोकरी त्या एका शब्दावर टेकलेली होती. दर शुक्रवारी नमाजाहून आल्यावर ते घरी फोन लावत आणि पोराला सांगत की अजून थोडं थांब. ज्या शुक्रवारी मला फार्मवर थांबावं लागे, तेव्हा हे मी माझ्या कानांनी ऐकलंय.

त्या वर्षीचा उन्हाळा लवकर आला. अंड्यांवरच्या माद्यांच्या दोन शेड होत्या. दोन्हीकडे भिंतीला पुठ्ठ्यासारखे जाड पॅड बसवलेले, त्यावरून पाणी सोडायचं आणि पंख्यांनी हवा ओढायची. आमचं पाणी खारं. एक नंबरच्या शेडचे पॅड क्षाराने गच्च भरून दगड झाले. नवीन मागवले होते आणि ते पुढच्या आठवड्यात येणार होते, इन्शाल्ला. असे बरेच पुढचे आठवडे गेले. माद्या चोच उघडी टाकून, पंख अंगापासून दूर धरून उभ्या राहायच्या. मी आत गेलो तरी आता माना वळत नव्हत्या. मला वाटलं, बरं झालं, शांत झाल्या.

मग माझ्या लक्षात आलं की एक नंबरमध्ये दाणा उरतोय. या जातीच्या कोंबडीने दाणा उरवणं ही अजब गोष्ट होती. मी कंपनीचं पुस्तक काढलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की इतक्या तासांत दाणा संपत नसेल तर पक्ष्यांना गरजेपेक्षा जास्त मिळतोय, माप कमी करा. पुस्तक कुठल्यातरी थंड देशात लिहिलेलं. आम्ही दाणा घालायचो सकाळी उशिरा, सगळ्यांचा चहा-नाश्ता झाल्यावर, म्हणजे पत्रा तापायला लागल्यावर. त्या उकाड्यात कुठला जीव खाईल, एवढा विचार करायला डिप्लोमाही लागत नाही. पण पुस्तकात लिहिलं होतं, आणि मी दमलेला होतो, आणि दमलेल्या माणसाला लिहिलेलं वाचून करणं सोपं जातं. मी माप कमी केलं. दाणा तरीही उरला, तेव्हा आणखी कमी केलं.

अंडी थोडी घटली. उन्हाळ्यात घटतातच, कुणी काही बोललं नाही. ती अंडी मशीनला लागली, एकवीस दिवसांनी पिल्लं निघाली. दिसायला चांगली होती, जरा हलकी एवढंच. चाचांच्या शेडमध्ये गेली आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मरायला लागली. रोग नव्हता. मी कापून पाहिली, आत सगळं ठीक. ती घाबरून मरत होती. दार वाजलं, बादली पडली, पंख्याचा पट्टा किरकिरला की पिल्लांचा अख्खा लोंढा कोपऱ्यात धावायचा, एकावर एक चढायचा, आणि खालची गुदमरायची. सकाळी मी जायच्या आधी चाचांनी मेलेली पिल्लं रिकाम्या पोत्यावर ओळीने मांडलेली असायची. मी आलो की ते फक्त पोत्याकडे हात करत.

तिसऱ्या खेपेलाही तेच झालं तेव्हा ते बोलले. त्यांच्या लक्षात आलं होतं की मरतात ती डाव्या अर्ध्या भागातली. डाव्या भागात एक नंबरच्या माद्यांची पिल्लं सोडलेली असत, उजवीकडे दोन नंबरची. मी म्हटलं, डावीकडे जनरेटर आहे, आवाजाने होत असेल.

"डॉक्टर, ही पिल्ला माज्याकडं येतानाच घाबरलेली येतात," ते म्हणाले. "त्यांच्या आयशीकडं बगा जरा. ती उपाशी हाय, वर जळतेय. तिच्या पोटातला पिल्लू धीराचा कसा निगंल?"

मी हसलो. हसलो हे मला आजही आठवतं. मी त्यांना समजावून सांगितलं की चाचा, या पिल्लाने आईला पाहिलेलंच नाही. अंडं मशीनमध्ये उबलं, पिल्लू मशीनमध्ये फुटलं. आईची भीती त्याच्याकडे जाणार कशी? तोंडाने सांगितली का तिने? भीती ही बघून शिकायची गोष्ट आहे. रक्तातून येतो तो रंग, ते वजन. चाचांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले की मला तुमचं शास्तर नाय कळत, पण एक करून बघू.

त्यांनी जखमेवर लावायचं जांभळं औषध आणलं. पुढच्या खेपेला एक नंबरच्या पिल्लांच्या डोक्यावर त्या औषधाचा एकेक ठिपका लावला आणि दोन्हीकडची काही पिल्लं पुठ्ठ्याच्या एका गोल कड्यात एकत्र सोडली, जनरेटरपासून लांब, उजवीकडे. दाणा तोच, पाणी तेच, उबेचा दिवा तोच. बोटाने टकटक करणारा माणूसही तोच. पाचव्या दिवशी दुपारी त्यांनी मला बोलावलं. आम्ही दोघं कड्यापाशी उभे राहिलो. चाचांनी पत्र्याची बादली उचलली आणि फरशीवर टाकली.

सगळी पिल्लं दचकली. साधी पिल्लं दोन पावलं पळाली, थांबली, मान वर करून बघायला लागली. जांभळी थांबली नाहीत. ती कड्याच्या टोकापर्यंत धावत गेली आणि तिथे एकमेकांच्या अंगावर चढत राहिली. चाचा कड्यात उतरले आणि दोन्ही हातांनी ती हलकेच वेगळी करायला लागले. मी म्हटलं, पुन्हा टाका बादली. पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा मी टाकायला सांगितली नाही.

मी ते डोळ्यांनी पाहिलं. माझ्याकडे त्याला शब्द नव्हता, ज्या पुस्तकांवर माझा भरवसा होता त्यांत ते कुठे नव्हतं, हे सगळं खरं. पण पाहिलं होतं.

त्याच आठवड्यात अर्बाब आला. माणूस वाईट नव्हता. कामगारांच्या ताटात काय आहे ते वाकून बघणारा होता. त्याने मेलेल्या पिल्लांचे आकडे पाहिले आणि हिंदीत मला विचारलं की डॉक्टर, ये आदमी का गलती है या खाना का गलती? लिखके दो, फिर खलास. खाना म्हणजे माझं खातं. आदमी म्हणजे चाचा.

मी लिहायला बसलो तेव्हा चाचा माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. आत या म्हटलं तरी आले नाहीत.

"माजा नाव लिवा, डॉक्टर. मी म्हातारा झालोय, मना पाठवतील तर पाठवू दे," ते म्हणाले. "पन निष्काळजी होता असा नका लिवू. मग माज्या पोराला ते घेनार नाय."

मी लिहिलं की पिल्लांच्या शेडमध्ये देखरेख अपुरी होती, दिवे वेळेवर बघितले गेले नाहीत आणि संबंधित कामगाराच्या वयामुळे व निष्काळजीपणामुळे हे झालं असावं. 'असावं' हा शब्द मी मुद्दाम घातला. त्या एका शब्दाच्या आडोशाला मी पुढे कित्येक वर्षं बसून राहिलो. बायको-मुलगी येऊन जेमतेम वर्ष झालं होतं, मुलीला शाळेत नुकता प्रवेश मिळाला होता, ती वर्गातल्या मुलींशी इंग्रजी बोलायला लागली होती आणि घरी येऊन मला 'पप्पा, कोंबडी सॅड असते का' असलं काहीतरी अर्धमुर्धं विचारायची. माझी नोकरी गेली असती तर तिघांनाही परत जावं लागलं असतं. ही कारणं खरी आहेत. ती पुरेशी आहेत असं मात्र मला तेव्हाही वाटलं नव्हतं.

आणि आता जे सांगायचं ते सांगतो. अहवाल अर्बाबच्या माणसाच्या हातात दिला त्याच दुपारी मी एक नंबरच्या माद्यांचं माप पूर्ववत केलं. दुसऱ्या दिवसापासून दाणा पहाटे उजाडायच्या आत घालायचा हुकूम काढला. पंधरा दिवसांनी नवे पॅडही आले. माद्यांनी चोची मिटल्या. मी शेडमध्ये गेलो की माना पुन्हा वळायला लागल्या.

चाचा त्याआधीच गेले होते, अहवालावरून अर्बाबने त्यांना परत पाठवलं होतं. पिकअपमध्ये पुढच्या सीटवर बसले होते, मांडीवर एक बॅग. जाताना त्यांनी खिडकीतून जांभळ्या औषधाची बाटली माझ्या हातात दिली. थोडं उरलंय, कामाला येईल, म्हणाले. रागावलेले दिसले नाहीत. ते रागावले असते तर मला जरा सोपं गेलं असतं.

पॅड आल्यावर महिन्याभराने जी पिल्लं निघाली ती धीट होती. बादली पडली की दोन पावलं पळायची आणि थांबायची. पिल्लांच्या शेडवर नवा माणूस आला होता, त्याला टकटक करायचा कंटाळा होता, तरी पिल्लं जगली. अर्बाब खूश झाला. म्हणाला, देखा डॉक्टर, आदमी का गलती था. मी जी अर्बाब म्हटलं. चाचांच्या मुलाचं नाव त्याने काढलं नाही आणि मीही काढलं नाही.

यावर आठ-नऊ वर्षं गेली. मी मोठ्या पगारावर दुसऱ्या फार्मला गेलो, केस पांढरे झाले, मुलगी कॉलेजसाठी पुण्याला गेली. एकदा बौशरमधल्या एका हॉटेलात पोल्ट्रीवाल्यांसाठी व्याख्यानं ठेवली होती. जेवण चांगलं असतं म्हणून आम्ही सगळे जायचो. दुपारच्या जेवणानंतर, अर्धं सभागृह पेंगत असताना, एक परदेशी बाई बोलायला उभ्या राहिल्या. त्यांचं म्हणणं असं होतं की कोंबडीने सोसलेला उन्हाळा, तिची उपासमार, तिची भीती यांची खूण पिल्लापर्यंत पोहोचू शकते. रक्तातला मूळ मजकूर बदलत नाही, पण त्यातलं काय चालू राहील आणि काय बंद, त्याच्या खुणा बदलतात, आणि बलकात काय उतरतं तेही बदलतं. पिल्लाने आईला पाहिलेलं असायची गरज नाही. बापाचंही थोडंफार येतं. कधीकधी नातवंडांपर्यंत जातं. अजून सगळं पक्कं कळलेलं नाही, असंही त्यांनी दोनदा सांगितलं. त्या शास्त्राला एक लांबलचक नाव होतं. मी ते वहीत देवनागरीत उतरवलं, एपिजेनेटिक्स, आणि त्याच्याकडे बघत बसलो.

शेजारच्या माणसाने विचारलं, बरं नाही का? मी बाहेर गेलो, कॉफीच्या टेबलापाशी उभा राहिलो आणि कपात साखर ढवळत राहिलो. मला नवीन काही कळलं नव्हतं. त्या बाईंनी मला फक्त नाव दिलं होतं. गोष्ट तर मला बादली पडली तेव्हापासून ठाऊक होती.

त्या गुरुवारी मी बायकोला सगळं सांगितलं. तिने भाजी निवडता निवडता ऐकलं. मग विचारलं की एवढं दिसत होतं तर तसं का लिहिलंत. मी म्हटलं, तेव्हा फार थकलो होतो गं.

"थकलेला माणूस झोपतो," ती म्हणाली. "तुम्ही लिहायला बसलात."

पुढच्या सुट्टीत मी रायगडला गेलो. चाचांच्या गावाचं नाव माझ्या लक्षात होतं, एसटीतून उतरून सहा आसनी रिक्षा केली. खाडीच्या काठाला कौलारू घर, पुढे झावळ्यांचा मांडव. चाचा पडवीत बसले होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, तरी मी चाचा अशी हाक मारल्यावर त्यांनी लगेच ओळखलं. ते उठायला लागले, मी त्यांना बसवलं. अंगणात एक गावठी कोंबडी पिल्लं घेऊन फिरत होती. ती माती उकरायची, चोच आपटायची आणि पिल्लं धावत यायची. चाचांचा हात मांडीवर स्वस्थ होता. इथे त्यांना टकटक करायची गरज नव्हती.

रस्ताभर मी वाक्यं जुळवत आलो होतो. पहिलं वाक्य तोंडात आलं एवढ्यात त्यांचा मुलगा हात पुसत आला. तिशी ओलांडलेला, कपाळावर ग्रीसचा डाग. मचव्यांची इंजिनं दुरुस्त करतो, जमेल तेवढं. परदेशी जायचं पुन्हा कधी जमलं नाही, त्यानेच सहज सांगितलं. मी कोण ते कळल्यावर त्याचा चेहरा एकदम उजळला.

"अब्बा तुमचं नाव नेहमी काढतात, डॉक्टरसाब," तो म्हणाला. "तुमी लय खटपट केलीत त्यांच्यासाठी. पन अर्बाब ऐकला नाय."

मी चाचांकडे पाहिलं. ते कोंबडीकडे बघत होते. मुलगा चहा सांगायला आत गेला. मी खाली बघत विचारलं की चाचा, हे काय सांगितलंत तुम्ही त्याला.

"तो जवान पोर होता तवा," ते म्हणाले. "माज्या पोटातला कडू त्याच्या पोटात घातला असता, तर त्यानं फुडं कुनाच्या पोटात घातला असता, डॉक्टर?"

मग त्यांनी विचारलं, नंतर त्या माद्यांना खायला वाढवलं का. मी हो म्हटलं. कधी, असं त्यांनी विचारलं. अहवाल दिला त्याच दिवशी, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. बऱ्या झाल्या असतील मग, म्हणाले.

चहा झाला. मी जे बोलायला आलो होतो ते बोलायला आता जागा नव्हती. बोललो असतो तर मी मोकळा झालो असतो आणि त्या माणसाने नऊ वर्षं जपून बाजूला ठेवलेलं सगळं त्याच्या पोराच्या पदरात पडलं असतं. मुलाने कागदात गुंडाळून सहा गावठी अंडी माझ्या पिशवीत ठेवली आणि मला मोटारसायकलवरून स्टँडपर्यंत सोडलं. एसटी यायला वेळ होता, तरी तो गेला नाही. गाडी लागल्यावर त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि अब्बांसाठी तुम्ही जे केलंत त्याबद्दल पुन्हा आभार मानले. मी ते घेतले आणि गाडीत जाऊन बसलो.